बॉब ग्रॅहम राउंड पाच दिवसांत, वाटाड्यासोबत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडच्या वायव्य कोपऱ्यात लेक डिस्ट्रिक्ट आहे. तिथल्या उघड्या, बिनझाडाच्या डोंगरांवर पळण्याची परंपरा जुनी आहे. तिला फेल रनिंग म्हणतात आणि बॉब ग्रॅहम राउंड ही तिची सर्वांत नावाजलेली परिक्रमा. मँचेस्टर, लीड्स, लंडनला स्थायिक झालेले आणि पुण्या-मुंबईहून सुट्टी काढून येणारे मराठी धावपटू हल्ली या वाटेबद्दल बरंच विचारतात. पाच दिवस, रोज एक टप्पा, सोबत वाटाड्या, अशा पद्धतीने ही परिक्रमा करायची असेल तर काय माहीत असावं, ते इथे लिहिलं आहे.

ही परिक्रमा नेमकी कसली?

केझिक गावाच्या चौकात मूट हॉल नावाची जुनी इमारत आहे. तिच्या दारातून निघायचं, 42 माथे गाठायचे आणि त्याच दारात परत यायचं, मूळ परीक्षेत तेही 24 तासांच्या आत. अंतर सुमारे 106 किलोमीटर, एकूण चढाई सुमारे 8,200 मीटर. आतकरवाडीतून सिंहगड चढताना साधारण 600 मीटर उंची मिळते, म्हणजे तो चढ जवळजवळ चौदा वेळा.

केझिकमध्ये पाहुण्यांसाठी घर चालवणाऱ्या बॉब ग्रॅहमने 13-14 जून 1932 ला हे 42 माथे 23 तास 39 मिनिटांत पूर्ण केले. पायात साधे टेनिसचे बूट, अंगात ढगळ अर्धी चड्डी आणि पायजम्याचा सदरा. खायला ब्रेड-लोणी, अर्धवट उकडलेली अंडी, फळं आणि चघळायच्या गोड गोळ्या. पुढची 28 वर्षं ते कुणालाच पुन्हा जमलं नाही. 1960 मध्ये अॅलन हीटनने 22 तास 18 मिनिटांत ते केलं आणि मग वाट खुली झाली. 1982 मध्ये इथल्याच बॉरोडेल दरीतल्या बिली ब्लँडने 13 तास 53 मिनिटांची नोंद केली. ती 36 वर्षं टिकली आणि 2018 मध्ये स्पेनचा डोंगरधावक किलियन जॉर्ने याने मोडली. (लंडनचं महाराष्ट्र मंडळही 1932 चंच. इथल्या मराठी माणसांना हे साल लक्षात ठेवायला सोपं जातं.)

ही 24 तासांची परीक्षा आहे ना? मग पाच दिवसांत करण्यात काय अर्थ?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, म्हणून उत्तर सविस्तर देतो.

24 तासांचा प्रयत्न करणाऱ्यांचा निम्मा तरी प्रवास अंधारात किंवा थकव्याच्या धुंदीत होतो. त्यांनी ते डोंगर आधीच पाठ केलेले असतात. स्थानिक धावपटू वर्ष-दोन वर्षं प्रत्येक टप्पा पुन्हा पुन्हा पळून बघतात. कोणत्या दगडापाशी वाट सोडायची, कोणत्या गवताळ सोंडेवरून उतरलं की गुडघे वाचतात, धुक्यात कुंपणाचा कोणता कोपरा खूण म्हणून धरायचा, हे सगळं त्यांच्या पायांना माहीत असतं. 24 तास हा त्या अभ्यासाचा शेवटचा दिवस असतो.

आपण तिथे राहत नाही. वीकएंडला सहज डोंगरात जाता येत नाही. त्यामुळे पाच दिवस, उजेडात, वाट माहीत असलेल्या माणसासोबत ही परिक्रमा करणं म्हणजे तो अभ्यास. याला कमी दर्जाची आवृत्ती समजू नका. रोज ताज्या डोळ्यांनी डोंगर बघता येतो, चुकलेली वाट मागे येऊन नीट बघता येते, संध्याकाळी नकाशा उघडून दिवसभराची रेघ बोटाने पुन्हा गिरवता येते. पाच दिवसांनी या डोंगरांशी जी ओळख होते ती एका रात्रीत होणार नाही, असं माझं ठाम मत आहे.

पाच दिवसांची आखणी कशी असते?

परिक्रमेचे पाच टप्पे परंपरेनेच ठरलेले आहेत, कारण मध्ये चार ठिकाणी गाडीरस्ता येतो. दिवस त्यानुसारच पडतात. सरावलेल्या गटाला लागणारा साधारण वेळ सोबत दिला आहे. त्यात थांबणं, खाणं, वाट शोधणं सगळं आलं.

पहिला दिवस, केझिक ते थ्रेलकेल्ड. तीन माथे : स्किडॉ, ग्रेट कॅल्व्हा, ब्लेनकॅथ्रा. सुमारे 20 किलोमीटर, पाच ते सहा तास. स्किडॉ 931 मीटरचा आहे आणि पहिल्याच चढात जवळजवळ सगळी उंची एका दमात चढावी लागते. त्याच्या मागच्या बाजूला कुणी फारसं फिरकत नाही. हेदरची झुडपं, दलदल आणि मध्ये कॅल्ड्यू नदी ओलांडायची. ब्लेनकॅथ्रावरून उतरताना हॉल्स फेलची खडकाळ धार लागते. कोरडी असेल तर आनंद, ओली असेल तर हात टेकून सावकाश.

दुसरा दिवस, थ्रेलकेल्ड ते डनमेल रेझ. बारा माथे, सुमारे 21 किलोमीटर, सहा-सात तास. क्लफ हेडचा सुरुवातीचा चढ सरळसोट गवताचा, तिथे पळायचा विचारही करू नका. पण एकदा धारेवर पोहोचलात की ग्रेट डॉड, रेझ, व्हाइट साइड, हेल्व्हेलिन असे माथे एकामागून एक येतात आणि मध्ये जमीन पळण्याजोगी असते. परिक्रमेतली सर्वांत मोकळी धाव इथे मिळते. शेवटी ग्रिझडेल टार्न या तळ्यापाशी उतरून फेअरफिल्डला चढून परत यायचं, मग सीट सँडल, मग रस्ता. मुक्काम ग्रासमेरला.

तिसरा दिवस, डनमेल रेझ ते वॉसडेल हेड. हा सगळ्यांत मोठा. पंधरा माथे, सुमारे 25 किलोमीटर, आठ ते दहा तास. सुरुवात ओल्या पठारावरून, मग लँगडेलचे उभे कातळ, मग बोफेल. तिथून पुढे जमीनच बदलते. ग्रेट एंड, इल क्रॅग, ब्रॉड क्रॅग आणि स्कॉफेल पाइक या पट्ट्यात माती जवळजवळ नाहीच, मोठमोठे सुटे दगड रचून ठेवल्यासारखे पसरलेत. पावसात ते गुळगुळीत होतात. 978 मीटरचा स्कॉफेल पाइक हा इंग्लंडमधला सर्वोच्च माथा. त्याच्या शेजारचा स्कॉफेल फक्त 14 मीटरने बुटका, पण त्याच्यावर जायला खूप खाली उतरून पुन्हा चढावं लागतं. शेवटी घसाऱ्यावरून आणि गवतावरून वॉसडेलला उतरायचं. समोर वास्टवॉटर दिसत राहतं, इंग्लंडमधलं सर्वांत खोल तळं.

चौथा दिवस, वॉसडेल हेड ते हॉनिस्टर. नऊ माथे, सुमारे 17 किलोमीटर, सात तास. अंतर कमी बघून कुणी निश्चिंत होऊ नये. यूबॅरोचा पहिला चढ थेट पायथ्यापासून सुरू होतो आणि आदल्या दिवशीचे पाय घेऊन तो चढायचा असतो. पुढे रेड पाइक, स्टीपल, पिलर, कर्क फेल आणि ग्रेट गेबल. ग्रेट गेबलच्या माथ्यावर पहिल्या महायुद्धात मारल्या गेलेल्या गिर्यारोहकांच्या स्मरणार्थ ब्राँझचा फलक आहे, मूळ फलक 1924 मध्ये बसवला होता. तिथे आम्ही नेहमी थोडं थांबतो.

पाचवा दिवस, हॉनिस्टर ते केझिक. डेल हेड, हिंडस्कार्थ, रॉबिन्सन हे तीन माथे आणि मग न्यूलँड्स दरीतून बराचसा डांबरी रस्ता. चार तास पुरतात.

सामान कोण वाहतं?

मोठी बॅग गाडीने पुढच्या मुक्कामी जाते. तुमच्या पाठीवर फक्त दिवसाचं सामान. वॉसडेल हेडला जायला मात्र गाडीला मोठा वळसा पडतो, दीड तास सहज जातो. म्हणून तिसऱ्या दिवशी गाडीत विसरलेली वस्तू संध्याकाळपर्यंत मिळणार नाही. सकाळी दोनदा तपासा.

मला जमेल का?

मॅरेथॉनची वेळ विचारली जाते तेव्हा मी दुसरं काही विचारतो : सलग दोन दिवस डोंगरात सहा-सहा तास घालवून तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा निघू शकता का? हो असेल तर तुम्ही जवळ आहात. सपाटीवरचा वेग इथे फारसा कामाला येत नाही. तासाला चार किलोमीटर ही या डोंगरांवरची चांगली गती आहे. वर्षानुवर्षं ट्रेक केलेला माणूस, जो अधूनमधून पळतो, तो अनेकदा निव्वळ रस्त्यावरच्या धावपटूपेक्षा इथे जास्त सुखात असतो.

उभ्या कड्याची फार भीती वाटत असेल तर आधी सांगा. पहिल्या आणि तिसऱ्या दिवशी हात वापरून चालावं लागतं.

सगळं पळायचंच असतं का?

नाही. चढावर सगळे चालतात, विक्रमवीरांनाही उभ्या चढावर चालावं लागतं. हात मांड्यांवर टेकून, कमरेतून वाकून, लहान पावलं. पळणं धारेवर आणि उतारावर.

सह्याद्रीत तयारी कशी करू?

चढाची काळजी आपल्याकडे सगळे करतात. मी उताराची करायला सांगेन.

उतारावर मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावत असतो आणि त्याने तंतूंना बारीक इजा होते. दुखणं लगेच कळत नाही. एक ते तीन दिवसांनी ते शिगेला पोहोचतं. आता वेळापत्रक बघा : पहिल्या दिवशी ब्लेनकॅथ्राचा उतार, दुसऱ्या दिवशी सीट सँडलचा, आणि दुखणं ऐन भरात येतं ते तिसऱ्या दिवशी, म्हणजे सर्वांत लांब टप्प्यावर. पहिल्या दिवशी उत्साहात उतार सुसाट उतरलेला माणूस तिसऱ्या दिवशी दगडांच्या पट्ट्यात पाय उचलायला कष्टतो. म्हणून पहिल्या दिवशी वाटाड्या सर्वांना उतारावर मुद्दाम रोखतो. तेव्हा राग येऊ देऊ नका.

यावर खात्रीचा उपाय आहे. एकदा चांगला उतार पळून स्नायू दुखून बरे झाले की पुढचे काही आठवडे तेच स्नायू त्याच ताणाला बरंच जास्त सोसतात. म्हणून निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधी एक मोठा उताराचा दिवस ठेवा. पुण्यातल्यांनी सिंहगड तीनदा चढून तीनदा पळत उतरावा. मुंबईकरांना कर्जत-कसाऱ्याच्या बाजूचा कुठलाही उभा किल्ला चालेल. त्याआधीचे तीन-चार महिने दर आठवड्याला एक लांब डोंगरदिवस आणि महिन्यातून एकदा शनिवार-रविवार जोडून दोन दिवस. कात्रज ते सिंहगड किंवा राजगड ते तोरणा या वाटा त्यासाठी उत्तम, कारण त्यात धारेवरचे सततचे चढउतार आहेत.

उतरताना टाचेने ब्रेक मारण्याची सवय मोडा. पावलं लहान आणि जलद, अंग किंचित पुढे, नजर तीन-चार पावलं पुढे, हात सैल आणि बाजूला. पावसाळ्यातल्या ओल्या गवतावर याचा सराव करा. लेक डिस्ट्रिक्टच्या जमिनीच्या सर्वांत जवळ जाणारी आपली जमीन तीच.

वर्षानुवर्षं सह्याद्रीत फिरतो. तिथे वेगळं काय?

तीन गोष्टी.

थंडी आणि ओल एकत्र येतात. आपण जुलैत कळसूबाईला चिंब भिजून हसत खाली येतो, कारण पाऊस कोमट असतो. इथे जूनमध्येही माथ्यावर चार-पाच अंश असू शकतं. त्यावर ओले कपडे आणि वारा. पळताना अंग गरम असतं, पण कुणाचा पाय मुरगळला आणि गट दहा मिनिटं थांबला की शरीर झपाट्याने गार पडतं. स्कॉफेल पाइकच्या पायथ्याचं सीथवेट हे इंग्लंडमधलं सर्वांत पावसाळी वस्तीचं गाव, वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास. महाबळेश्वरपेक्षा कमी, पण महाबळेश्वरचा पाऊस चार महिन्यांत आटपतो आणि इथे तो बारा महिने विभागलेला असतो. कोरड्या महिन्याच्या भरवशावर कुणी राहू नये.

वाट मळलेली नसते. 42 पैकी बऱ्याच माथ्यांना पर्यटकांच्या रुंद वाटा आहेत, पण परिक्रमा एका माथ्यावरून दुसऱ्यावर आडवी जाते तिथे फक्त मेंढ्यांनी पाडलेल्या ढोरवाटा. त्या फुटतात, विरतात, पुन्हा उगवतात. झाडावर बाण, दगडावर रंग असलं काही मिळणार नाही.

जमीन पाणी धरून ठेवते. डोंगर म्हणजे खाली कातळ आणि वर पाण्याने फुगलेली काळी माती. हिरवीगार, सपाट, लुसलुशीत दिसणारी जागा बहुतेक वेळा गुडघाभर चिखलाची असते. पाय पहिल्या तासात ओले होतात आणि संध्याकाळपर्यंत ओलेच राहतात. हे मनाने आधीच मान्य केलं की त्रास निम्मा होतो.

घड्याळात जीपीएस आणि वाटेची फाइल आहे. वाटाड्या कशाला?

फाइल तुम्हाला रेघ देते. रेघेवरचा दगड आज ओला आहे की कोरडा, वारा धारेच्या कोणत्या बाजूने येतोय, गटातला चौथा माणूस गेला अर्धा तास गप्प का आहे, हे ती सांगत नाही. धुक्यात रेघेपासून वीस मीटर डावीकडे कडा असू शकतो आणि घड्याळाची चूक तेवढी सहज होते. गारठलेल्या बोटांना आणि ओल्या पडद्यांना फोन दाद देत नाही.

चांगला वाटाड्या तुम्हाला मेंढरासारखं मागून चालवत नाही. तो नकाशा तुमच्या हातात देतो. आपण कुठे आहोत, पुढच्या पाचशे मीटरमध्ये काय लागायला हवं, ते नाही लागलं तर काय समजायचं, हे विचारतो. पाचव्या दिवशी रॉबिन्सनवर गटातल्या कुणीही पुढे राहून वाट काढावी, हे उद्दिष्ट असतं. 1:25,000 प्रमाणाचे ऑर्डनन्स सर्व्हेचे नकाशे वापरतो. ही परिक्रमा त्यांच्या ओएल 4 ते ओएल 7 या पत्रकांत विभागलेली आहे.

वाटाड्या निवडताना दोन गोष्टी विचारा : ब्रिटनमधली माउंटन लीडर पात्रता आहे का, आणि दुर्गम भागातल्या प्रथमोपचाराचं प्रशिक्षण चालू मुदतीचं आहे का. एका वाटाड्यामागे सहापेक्षा जास्त माणसं असतील तर दुसरीकडे बघा.

हवामान बिघडलं आणि माथे सुटले तर?

सुटले तर सुटले. वारा ताशी 60-65 किलोमीटरच्या पुढे गेला, वीज असली किंवा गटातलं कुणी गारठायला लागलं तर आपण खाली येतो. हा निर्णय वाटाड्याचा आणि त्यावर मतदान होत नाही. पैसे भरले, रजा काढली, विमानाने आलो, हे सगळं खरं असलं तरी डोंगरावर या गोष्टींना वजन देता येत नाही.

खाली येण्याच्या वाटा प्रत्येक टप्प्यावर आधीच ठरलेल्या असतात. दुसऱ्या दिवशी स्टिक्स पासवरून दोन्ही बाजूंना उतरता येतं. तिसऱ्या दिवशी एस्क हाउझ या खिंडीतून बॉरोडेल किंवा लँगडेलकडे. चौथ्या दिवशी ब्लॅक सेल खिंडीतून परत वॉसडेलला. पावसाचा अंदाज खूप वाईट असेल तर दिवसांचा क्रमही बदलतो : लांब टप्पा चांगल्या दिवशी, पाचवा टप्पा वाईट दिवशी. माथे सलग क्रमाने झालेच पाहिजेत असा हट्ट धरू नका.

ब्रॉड स्टँडवरून जाणार का?

नाही. स्कॉफेल पाइक आणि स्कॉफेल यांच्यामध्ये मिकलडोर नावाची खिंड आहे. तिथून ब्रॉड स्टँड हा सर्वांत जवळचा मार्ग, पण तो कातळारोहण आहे आणि तिथे जीव गेलेले आहेत. 1802 मध्ये कवी कोलरिज याच जागेवरून खाली उतरला आणि मध्ये अडकून पडल्याचं वर्णन त्याने पत्रात केलं. 24 तासांवाले वेळ वाचवायला तिथे दोर लावून घेतात. आपल्याकडे दिवस आहे. आपण फॉक्सेस टार्नच्या बाजूने खाली उतरून ओढ्याच्या घळीतून वर जातो. अर्धा तास जास्त लागतो.

बूट आणि कपडे?

बुटाच्या तळाला खोल, एकमेकांपासून लांब असलेले रबराचे दात हवेत. रस्त्यावरचे जाड गादीचे बूट ओल्या गवतावर घसरतात आणि दगडांवर घोटा मुरगळतो. सुक्यातले ट्रेल शूज म्हणून विकले जाणारे अनेक बूटही इथे अपुरे पडतात. वॉटरप्रूफ बूट घेऊ नका, आत गेलेलं पाणी बाहेर येत नाही. लोकरीचे मोजे, रोज एक जोड.

पाठीवर रोज, ऊन असलं तरी : शिवणी बंद केलेलं टोपीचं वॉटरप्रूफ जॅकेट आणि तशीच पँट, एक कोरडा गरम थर पिशवीत गुंडाळून, टोपी, हातमोजे, नकाशा, होकायंत्र, शिट्टी, डोक्याला लावायचा टॉर्च, आणीबाणीचं खाणं. पुण्यातला पावसाळी विंडचीटर इथे चालणार नाही. तो बदला किंवा भाड्याने घ्या. वाटाड्याकडे सगळ्यांना आत बसता येईल असा हलका आपत्कालीन तंबू असतो.

खाण्याचं काय? मी शाकाहारी आहे.

मुक्कामाच्या ठिकाणी शाकाहारी जेवण मिळतं, आधी कळवलं की झालं. जैन जेवण किंवा उपवासाचं मात्र स्वतः जुळवावं लागेल.

डोंगरावर दर पाऊण तासाने थोडं खायचं, भूक लागो न लागो. शेंगदाण्याची चिक्की, राजगिऱ्याच्या वड्या, गूळ-दाणे, खजूर, भाजलेले मीठाचे शेंगदाणे हे सगळं इथे उत्तम चालतं. थंडीत चिक्की दगडासारखी होते, लहान तुकडे करून आणा. भारतातून येताना पेढे, बर्फी, खवा असलं काही आणू नका. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ भारतातून ब्रिटनमध्ये घेऊन येण्यावर बंदी आहे. केवळ गोड खात राहिलं की तिसऱ्या दिवशी तोंड विटतं. गुंडाळलेली चटणी-पोळी आणि लिंबाचं लोणचं यांची तेव्हा खरी किंमत कळते.

पाणी कुठे मिळतं?

वाहत्या ओढ्यांत. मेंढ्या सगळीकडे आहेत, म्हणून गाळणीची बाटली ठेवा. दुसऱ्या दिवशी धारेवर बराच वेळ पाणी नाही, थ्रेलकेल्डहून दीड लिटर घेऊन निघा.

कोणता महिना चांगला?

मेचा मध्य ते जूनचा शेवट. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पहाटे पावणेपाचच्या सुमारास सूर्य उगवतो आणि रात्री पावणेदहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे उशीर झाला तरी अंधाराची भीती नाही. जुलै-ऑगस्टमध्ये नेच्याची झाडं छातीपर्यंत वाढून ढोरवाटा झाकतात. सप्टेंबर सुंदर असतो, पण दिवस आखूड होत जातात. ऑक्टोबर ते एप्रिल हा वेगळाच खेळ आहे, तो इथे विचारात घेतलेला नाही.

नेच्यांत आणि उंच गवतात गोचीड असतात आणि त्यातून लाइम नावाचा आजार होऊ शकतो. रोज संध्याकाळी आंघोळीनंतर गुडघ्यामागे, जांघेत, काखेत बघा. चिमट्याने सरळ वर ओढून काढा, पिळू नका. पुढच्या काही आठवड्यांत गोल लाल चट्टा उठला किंवा ताप आला तर डॉक्टरांना गोचिडीचं सांगा.

अपघात झाला तर?

999 किंवा 112 लावून आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू मागायचं. फोन लागत नसेल तर मिनिटात सहा शिट्ट्या, एक मिनिट थांबून पुन्हा सहा. बचाव पथकं पूर्णपणे स्वयंसेवकांची आहेत. शिक्षक, शेतकरी, दुकानदार हातातलं काम टाकून रात्री-अपरात्री वर येतात आणि एक पैसाही घेत नाहीत. केझिक आणि वॉसडेल इथल्या पथकांना जमेल तेवढी देणगी आम्ही प्रत्येक फेरीत देतो. तुम्हीही द्या, असं मनापासून सांगतो.

बचाव फुकट असला तरी भारतातून येणाऱ्याला पुढचे उपचार आणि परतीचा प्रवास फुकट नाही. विम्यात डोंगरावर पळणं स्पष्ट शब्दांत समाविष्ट आहे का ते बघा. अनेक साध्या प्रवास विम्यांत ते वगळलेलं असतं.

स्त्रियांसाठी, किंवा पन्नाशीनंतर?

अर्थातच. जीन डॉझ यांनी 1977 मध्ये 23 तास 27 मिनिटांत ही परिक्रमा पूर्ण केली, 24 तासांच्या आत ती करणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. शेती करणाऱ्या निकी स्पिंक्स यांनी कर्करोगातून बरं झाल्यावर 2016 मध्ये ती सलग दोनदा केली, 45 तास 30 मिनिटांत. वॉसडेलचे मेंढपाळ जॉस नेलर साठी उलटल्यावरही या डोंगरांवर लांबच्या मोहिमा करत राहिले. वयापेक्षा गुडघे आणि सरावाचा प्रश्न आहे.

मुक्कामी स्त्रियांसाठी वेगळी खोली मागितली तर मिळते, वॉसडेलला जागा कमी असल्याने ते लवकर सांगा.

बॉब ग्रॅहम क्लबचं सदस्यत्व मिळेल का?

नाही. 1971 मध्ये स्थापन झालेल्या या क्लबची अट 24 तासांची आहे आणि प्रत्येक माथ्यावर साक्षीदार लागतो. पाच दिवसांची परिक्रमा तिथे नोंदवता येत नाही.

पुढे 24 तासांचा प्रयत्न करायचा मनात असेल तर या फेरीत प्रत्येक टप्प्याच्या तुमच्या वेळा आणि खुणांची वही ठेवा. तिसरा आणि चौथा टप्पा नंतर एकदा तरी पुन्हा पळा. आणि दुसऱ्यांच्या प्रयत्नात एखादा टप्पा सोबतीला पळून सामान वाहा. इथे अनोळखी माणसंही एकमेकांसाठी हे करतात आणि तुमची पाळी आली की तीच माणसं पहाटे तीन वाजता डनमेल रेझला चहा घेऊन उभी राहतात.

केझिकला कसं पोहोचायचं?

भारतीय पारपत्रावर येणाऱ्यांना साधा पर्यटक व्हिसा पुरतो. उन्हाळ्यात भेटीची वेळ मिळायला उशीर होतो, तीन महिने आधी कामाला लागा. लंडनच्या यूस्टन स्थानकातून पेनरिथपर्यंत रेल्वेने साधारण तीन तास, मँचेस्टरहून त्याहून कमी. पेनरिथ स्थानकाबाहेरून एक्स 4 किंवा एक्स 5 बस थेट केझिकला नेते. केझिकला रेल्वे नाही. निघण्याच्या आदल्या दुपारपर्यंत पोहोचा, म्हणजे संध्याकाळी बूट आणि जॅकेट तपासता येतात आणि काही कमी असलं तर गावातली दुकानं बंद व्हायच्या आत घेता येतं.